दोन रांजण

भिकुबाई : बाकी बठ्ठं न्या, ताई. वाडगे, मडकी, माठ, खापरं, समदं बांधून ठेवलं शे. हे दोन रांजण मातर मी देणार नही.

मृणाली : अक्का, रविवारी कार्यक्रम आहे. सोनगीरच्या किल्ल्याखाली झोपड्या उभ्या केल्यात. माझी कॉलेजची मुलं तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावासारखी दिवसभर तिथं राहणार, दळणार, रांधणार. धुळ्याहून लोक बघायला येतील. रांजणांना तडा गेलाय का?

भिकुबाई : तडा कुठला. आव्यात भाजताना दुसरी किती मडकी फुटली, पन हे दोन खणखणीत निघाले. त्याचंच भ्याव वाटतं.

मृणाली : रांजणांचं भ्याव?

भिकुबाई : बसा जरा. तुम्ही चित्र दिलं आन सांगितलं, चाक लावू नका, जुन्या बाया नुसत्या हातानं करत तसे करा. मी तसेच केले. मातीच्या वळ्या रचल्या, थापीनं ठोकून घेतलं. पडवीमा वाळाले ठेवले, एक या भिंतीले, एक त्या भिंतीले. सकाळी पाहते तर दोन्ही आडवे, तोंडाले तोंड लावून. ओली माती व्हती, ताई. नुसतं बोट लागलं तरी ठसा पडतो. बाहेरून एक ठसा नव्हता.

मृणाली : तुमच्या मालकांनी, वनाभाऊंनी हलवले असतील.

भिकुबाई : ते लेकीकडे गेले व्हते, सावद्याले. घरमा मी एकटी. मले वाटलं, आपणच झोपेत उठलो असू. परत दूर केले. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी दूर करताना आत हात फिरवला, तर ठसे आत व्हते. बोटांचे. हरभऱ्याच्या दाण्याएवढे.

मृणाली : उंदीर शिरला असेल, अक्का. नाहीतर मांजर.

भिकुबाई : पाच बोटं शेतस. मी दोनदा ओल्या फडक्यानं पुसले, सकाळी परत तिथंच. आते भाजून पक्के झाले. हात घालून पहा.

(मृणाली रांजणात हात घालते. बराच वेळ बाहेर काढत नाही.)

भिकुबाई : आते तुम्ही सांगा. तुम्ही म्हटलं, धान्य ठेवायचे शेतस. पन एकाचं तोंड दुसऱ्यावर नीट बसलं पाहिजे, हे तुम्ही मले तीनदा बजावलं. धान्याले कोन असं मागतं? काय ठेवतात यात?

मृणाली : मी खोटं बोलले, अक्का. खरं सांगितलं असतं तर तुम्ही केले नसते. जुन्या वस्त्यांच्या खोदकामात असे जोड सापडतात. तान्हं बाळ गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावायचे आणि पुरायचे. मी आत कापडाची बाहुली ठेवून लोकांना दाखवणार होते.

भिकुबाई : पुरायचे कुठं? गावाबाहेर?

मृणाली : नाही. घरातच. आई राहते, वावरते, त्याच जमिनीखाली.

भिकुबाई : घरमाच.

मृणाली : हो.

भिकुबाई : माझी पहिली पोर पाच दिवसांची गेली. सासऱ्यांनी फडक्यात गुंडाळली आन नाल्याकडे घेऊन गेले. जागा मले कोनी दाखवली नही. म्हातारा अंथरुणाले खिळला तरी मी विचारत व्हते. म्हणायचा, बाईनं इचारू नये. तो गेला, त्याच्यासंगं जागा गेली. बत्तीस वर्षं झाली.

मृणाली : मला माहीत नव्हतं, अक्का.

भिकुबाई : कोनाले माहीत असणार? आन माती मी त्याच नाल्यातून आणते, ताई. आजवर आणली. त्याच मातीच्या खापरावर गाव मांडे करतं. हेबी त्याच मातीचे शेतस.

मृणाली : मी नेत नाही हे. तो भाग दाखवणारच नाही. मुलांना सांगेन काहीतरी.

भिकुबाई : तुम्ही सांगायच्या आधीच, काल मी चुलीजवळची फरशी उचकटली. आमचे हे म्हणाले, डोकं फिरलं तुझं. मी ठशांवर त्यांचं बोट ठेवलं. मग त्यांनीच पहार घेतली आन सांजवर खणत बसले. खड्डा तयार शे. आज सकाळपासून ओट्यावर बसून शेतस, आत येत नहीत. मले एकटीले उचलत नही. तुम्ही हात लावाल?

मृणाली : लावते. आत काय ठेवायचंय?

भिकुबाई : मी काहीच ठेवणार नही. तोंडं जोडा फक्त. अशी. आते फडकं गुंडाळते. धरलं? उचला.

मृणाली : अक्का, रिकामे आहेत ना हे? मी आत्ताच हात घातला होता.

भिकुबाई : सावकाश. खालून हात द्या, ताई. आन मान सांभाळा तिची.