आई घर चुकते

मुलगा : …आणि हे या आठवड्यातलं चौथं घर, डॉक्टर! बेल वाजवते, आत जाते, ऐसपैस बसते, पाणी पिते, आणि मग म्हणते, "अगबाई, हे आमचं घर नाही वाटतं!"

डॉक्टर : तुम्ही आधी बसा बरं. आजी, तुम्ही या खुर्चीत या. हं. कधीपासून होतंय हे?

मुलगा : इथं आल्यापासून. बाबा गेले तेव्हा मीच हट्टानं आणलं हिला. जुन्या गावात एकटी पडली होती.

आई : एकटी कसली रे? अख्खी गल्ली होती.

मुलगा : बघा, मध्येच बोलते.

आई : घ्या! आता बोललं तरी रोग.

डॉक्टर : तसं या वसाहतीत घर चुकणं म्हणजे काही मोठा आजार नव्हे. सगळी घरं एका साच्यातली. तोच फिका पिवळा रंग, तेच पांढरं दार. पहिल्या वर्षी मी स्वतः दोनदा शेजाऱ्यांच्या कुलपात किल्ली घातली होती.

मुलगा : पण तुम्ही आत जाऊन लसूण सोलत बसला नव्हता ना! सुरक्षाचौकीवाल्यांचा मला ऑफिसात फोन येतो. "सर, तुमच्या मातोश्री आज पुन्हा पाहुण्या झाल्यात." वर नियमावली ऐकवतात, पूर्वसूचनेशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही म्हणून. मीटिंगमध्ये माझा चेहरा कसा होत असेल, विचार करा.

आई : लहानपणापासून तसाच आहे तुझा चेहरा. त्याचा दोष मला देऊ नकोस.

मुलगा : आई! डॉक्टर, आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर असतो. ही कुठं रस्त्यावर गेली, गाडीखाली आली तर? मी आतून पार खचलोय. तुम्ही एकदा स्पष्ट सांगा, हा विसरण्याचा आजार आहे की नाही. असेल तर दाराला नंबरचं कुलूप बसवतो आणि दिवसभर एक बाई ठेवतो. नाहीतर थोरल्या भावाकडे पाठवतो. तो चौदाव्या मजल्यावर राहतो, तिथून कुठं जाणार?

आई : चौदाव्या मजल्यावरून एकाच दिशेला जाता येतं, बाळा. खाली.

डॉक्टर : आजी, मी काही सोपे प्रश्न विचारतो. आज वार कोणता?

आई : वार… शनिवार का हो? की सोमवार? काही सुचत नाही बाई.

डॉक्टर : बरं. मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. मग विचारीन. छत्री, सुतळी, कोंबडा.

आई : ठेवते. राहिले तर राहिले.

डॉक्टर : शंभरातून सात गेले, किती उरले?

आई : गेले कुठं पण? कुणी नेले?

मुलगा : बघितलंत? हिनं आयुष्यभर भाजीवाल्याला हिशेबात रडवलंय, डॉक्टर. आणि आता… माझ्याच्यानं बघवत नाही हो. गेल्या बुधवारी तर बावीस नंबरात जाऊन त्या बाईंचा लसूण सोलत—

आई : बुधवारी नव्हे, गुरुवारी. बुधवारी मी सत्तावीसात होते. आणि बावीसात लसूण नव्हता, मटार होता. लसूण एकोणिसात.

(बाहेर थांबलेलं कुणीतरी खोकतं.)

डॉक्टर : आजी.

आई : मधूनमधून येतं हो आठवायला. ढगातून ऊन पडावं तसं.

डॉक्टर : असं होय. मघाचे ते तीन शब्द आठवतात? छत्री, दोरी—

आई : दोरी कुठली? सुतळी! अं… असं काहीतरी म्हणालात वाटतं.

मुलगा : आई?

आई : काय?

मुलगा : तू नाटक करत होतीस?

आई : नाटक काय म्हणतोस? तोंड रंगवलं होतं का मी?

मुलगा : मी रात्र-रात्र जागतोय! फोनवर आजाराची लक्षणं वाचत बसायचो. परवा बाथरूममध्ये नळ सोडून रडलो मी, तुला आवाज जाऊ नये म्हणून. आणि तू चक्क—

आई : रडलास?… अरे. ते नव्हतं रे मला माहीत. चुकलंच माझं. तुला सांगायला हवं होतं.

मुलगा : मग का नाही सांगितलंस?

आई : सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? "आई, इथं असं चालत नाही." आल्या दिवसापासून तेच ऐकतेय. डॉक्टर, याला इथलं कौतुक फार. मला हात धरून दाखवत होता, आई, ही चालायची वाट, ही सायकलची, हा मुलांचा कोपरा, इथं कुत्र्यांनी बसायचं. मी म्हटलं, आणि माणसांनी भेटायचं कुठं?

मुलगा : सभागृह आहे म्हणून सांगितलं होतं तुला.

आई : आधी बुकिंग करावं लागतं! मला कुणाशी दोन शब्द बोलायचेत, लग्न नाही लावायचं.

डॉक्टर : पण मग सरळ जायचं ना शेजारी. चुकायचं कशाला?

आई : गेले की, पहिल्यांदा सरळच गेले. बावीस नंबरात. म्हटलं, बसायला आलेय. ती बिचारी घाबरलीच. दार अर्धं उघडलं आणि विचारलं, "काय काम होतं?" आता काय सांगू? काम काहीच नव्हतं. परत आले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात खरंच दार चुकलं माझं. पुन्हा तीच बाई. म्हटलं, अगबाई, चुकले की! तर तिनं दार सताड उघडलं. हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, चहा केला, आणि तिच्या जावेनं तिचा किती छळ केला ते सगळं सांगितलं. कामाशिवाय आलेल्या बाईला अर्धं दार आणि चुकलेल्या बाईला पूर्ण. मग मी ठरवलं. शहाणपण गेलं खड्ड्यात, आपण चुकायचं.

मुलगा : आणि रोज नवीन घर?

आई : रोज एकीकडेच चुकले तर संशय येईल ना. पाळी लावलीय. आणि घरं अशी सोयीची की स्वयंपाकघर सगळ्यांचं डावीकडे. आता डोळे मिटून कुणाच्याही घरातला चहाचा डबा काढून देते मी. सोमवारी एकोणीस, मंगळवारी एकतीस—

डॉक्टर : एकतीस?

आई : हो. गोड आहे पोर. स्वेटर विणायला शिकतेय, एक बाही झालीय. बोलायला लागली की थांबत नाही. दिवसभर घरात कुणी नाही म्हणते, आणि रात्री नवरा असा घोरतो की—

डॉक्टर : एकतीस माझं घर आहे, आजी.

आई : अगबाई! म्हणजे घोरणारे ते तुम्हीच!

मुलगा : आई, पुरे!

डॉक्टर : बोलू द्या त्यांना… अलीकडे मंगळवारी घरी गेलो की ही गुणगुणत असते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, काही नाही, एक आजी चुकून येतात. मी म्हटलं, दर मंगळवारी चुकून? तर माझ्यावरच चिडली, म्हातारं माणूस आहे, तुम्हाला डॉक्टर कुणी केलं म्हणाली.

आई : शहाणी आहे. तिला कधीच कळलंय. सगळ्यांनाच कळलंय खरं तर. बावीसवाली आता मी यायच्या वेळेला दार ढकलून ठेवते. फक्त चुकून येतेय म्हणायचं, की चौकीवाल्यांनाही काही बोलता येत नाही. कळलं नव्हतं ते एका माझ्या लेकाला.

मुलगा : मला कसं कळणार? मी कुणाला ओळखतच नाही इथं.

आई : तेच म्हणतेय. सहा वर्षं झाली तुला इथं. तुझ्या भिंतीला भिंत लागून कोण राहतं, सांग.

मुलगा : राखाडी गाडीवाले.

आई : गाडी राखाडी आहे. माणूस गोरटेला आहे, पोस्टातून निवृत्त झालाय, आणि रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडून दोन्हीकडून एकटाच खेळतो. म्हटलं, माझा मुलगा कॉलेजात बुद्धिबळाची ढाल जिंकून आला होता. तर म्हणाला, ते कसले येतात, बिझी असतात. मी काय बोलणार?

मुलगा : …पांढऱ्याकडून चांगले खेळतात की काळ्याकडून?

आई : ते मला काय विचारतोस? जिंकतो तो रोज, एवढं खरं.

डॉक्टर : बरं. आता माझी पंचाईत सांगतो. आजी ठणठणीत आहेत हे मी चौकीला कळवलं, तर उद्यापासून नियमावली लागू.

आई : मग कळवू नका. म्हणा, बाई विसरभोळी आहे, सांभाळून घ्या.

डॉक्टर : खोटं निदान करता येत नाही मला.

आई : खोटं नका हो सांगू. घर चुकते, हे तर खरं आहे ना? रोज चुकते, चौकीवाले साक्षीला आहेत.

डॉक्टर : हं. घर चुकण्याची सवय आहे, जिवाला धोका नाही, कुलूप लावू नये. एवढं मला मनापासून सांगता येईल. पण हे म्हणाले तरच. शेवटी आई त्यांची आहे.

आई : काय रे? थोरल्याकडे पाठवतोस का मला?

मुलगा : नाही. कुठं नाही पाठवत… डॉक्टर, एक विचारू? हे आनुवंशिक असतं का?

डॉक्टर : काय?

मुलगा : हे… घर चुकणं.

डॉक्टर : असू शकतं. किती लांबपर्यंत चुकायचा विचार आहे?

मुलगा : फार नाही. एका भिंतीपलीकडे.