आमच्या वाट्याचा फाल्गुन

माझं गाव इचारता ताई, तर गाव शिरूर कासारच्या पल्याड, डोंगराच्या पोटाला बारकी वस्ती हाय, पर जलम मातर हितला न्हाई. जलम झाला तिकडं साखर कारखान्यावर, नदीकाठाला पाचटाची कोपी, म्हंजी झोपडी, व्हती तिच्यात. माय सांगायची, सकाळी मोळ्या बांदल्या आन दुपारी तू झालीस, आन अंग वलं असतानाच पुन्ना कोयता घेतला. माय गेली तशी मी गेले. लगीन झालं तेबी ह्याच गावात, ऊसतोड्याच्याच घरात. आमच्यात पोरगी बगतानाच ते बगत्यात, कारन नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात, एकट्याला मुकादम टोळीत घेत न्हाई. दसरा झाला की ट्रकात बसायचं, भांडी, कोंबड्या, लेकरं समदं घिऊन, आन पाडव्याच्या आगंमागं ऊन कडक झालं की माघारी यायचं. म्हंजी काय सांगू तुमाला, जलमभर मी मपल्या गावचा पावसाळा बगितला आन उन्हाळा बगितला, मधलं काईच बगितलं न्हाई. मला वाटायचं मधी गावात काई नसतंच. आमी गेलो की गाव कुलूप घातल्यावानी बंद पडून राहत असंल.

मालक वारल्यावर मी लेकासुनंसंगं जायला लागले. अंकुश आन शीतल दोघं तोडायचे आन मी मोळ्या वाहायची. एक दिवस मोळी डोक्यावर घिऊन ट्रकाच्या फळीवर चढत व्हते, फळीवर दव पडलेलं, पाय सटकला आन खाली आले ती खुब्यावरच. हाड मोडलं. ते जुळलं, पर वाकडं जुळलं, बगा अजून कशी चालती मी. तर पुढल्या दसऱ्याला मुकादम म्हनला कसा, म्हातारीला आनू नका, ट्रकात जागा अडती. जागा अडती म्हनला! तेच्या बापाच्या येळंपासून मी तेच्या टोळीत मोळ्या उचलल्या, तव्हा जागा अडली न्हाई व्हय? पर कुनाला बोलायचं. ट्रक गेला, धुरळा उडाला, आन मी दारात काठी घिऊन उभी.

आमच्या आळीत राह्यले म्हातारे आन शेरडं. आमच्या शेजारला जुलेखाबू हाय, बांगड्या भरती, तिचा लेक शिरूरात गाड्या दुरुस्त करतो. तीबी एकलीच, मीबी एकलीच. ती मला म्हनली, गयाबाई, घरात बसून हाड आखडंल, शेरडं सोड आन वढ्याकडं जात जा. म्हनून जायला लागले. वढ्याच्या काठाला आमच्या मावलाया हायत, सात बारके दगड, शेंदूर लावलेले, आन त्यांच्या भवताली पळसाचं बन. ते बन मी काय बगितलं नव्हतं का? बगितलं व्हतं की. वैशाखात बगितलं व्हतं, वाळक्या पानात धुरळा बसलेला. आखाडात बगितलं व्हतं, निवद घिऊन जायचो तव्हा, हिरवं गच. मला वाटायचं पळस म्हंजी पत्रावळीची पानं, आनखी काय.

आन मग ताई, शिमग्याचे दिस जवळ आलते. ज्वारीची काढनी चाललेली. सकाळच्या पारी मी शेरडं घिऊन वढा वलांडला आन वर बगितलं, तर पायच उचलंना. एकाबी झाडाला पान न्हाई आन समदं बन पेटल्यावानी. खरंच मला आदी वाटलं कुनी आग लावली. जवळ गेले तर फुलं. फांदी दिसंना इतकी फुलं. भोरड्यांचा थवाच्या थवा बसलेला, चोची घालघालून पेत्यात आन भांडत्यात, माश्या गुनगुन करत्यात, पल्याडच्या लिंबाला मव्हर आलेला तेचा गोड वास, पिंपळाला तांबडी कवळी पालवी, उनात चमकतीय. आन खाली मावलाया. त्यांच्यावर वरून टप, टप फुलं पडत्यात. कुनी वाहिलेली न्हाईत, आपून आपून पडत्यात. पुजारी न्हाई, घंटी न्हाई, कुनी रांगेत उभं न्हाई. देवाची पूजा देवच करीत व्हता बगा, आन तिथं मी एकटीच बाई उभी, काठी टेकून.

मी खाली बसले. तुमाला खोटं वाटंल, पर मला समजलं की हितं कुनीतरी हाय. माझ्यासंगं हाय. दगडात म्हनत न्हाई मी, फुलातबी म्हनत न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. पर हाय. माय जवळ बसल्यावर कसं कळतं, वळून बगायलाबी लागत न्हाई, तसं.

मग मी रडले. लई रडले. आन रडूनरडून झाल्यावर मला राग आला, असा राग आला की काय सांगू. कारन हे काय त्या सालीच झालं व्हय? हे तर दरसाल व्हतं! माझी माय फडात जळक्या उसाची काजळी खात व्हती तव्हाबी हे असंच फुललं व्हतं. माझं लेकरू कोपीत तापानं फनफनत व्हतं आन मी मोळी सोडून जाऊ का म्हनून मुकादमाच्या इनवन्या करीत व्हते, तव्हाबी हितं भोरड्या भांडत व्हत्या. देवानं दरसाल समदं मांडून ठिवलं, आन ज्याच्या दारात मांडलं तीच मानसं दरसाल गावाबाहीर. कावून? आमी काय पाप केलं व्हतं? ज्यांना गावात राहायला मिळतं ते कदी तिकडं फिरकत न्हाईत, आन आमाला मिळतंच न्हाई.

घरी येऊन जुलेखाबूला सांगितलं. ती म्हनली चल बगू. दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. तिनं पदर डोक्यावर घेतला, हात वर केले आन म्हनली, अल्लाची कुदरत हाय गं. तेवढंच म्हनली. मला बरं वाटलं. म्हंजी मला एकलीलाच याड लागलं नव्हतं.

तसे दोन फाल्गुन मी बगितले. तिसऱ्याला हे लफडं उभं राह्यलं.

गावात मंदिराची कमिटी झाली. भाऊसाहेब म्हनून हायत, बागायती हाय त्यांची, ते अध्यक्ष. ते म्हनले मावलायांचं मंदिर बांदायचं, सभामंडप करायचा, खाली फरशी, वर स्लॅब. बांदा की! मी काय नको म्हनते व्हय? पर म्हनले, त्यासाठी पळस काढावे लागतील, जागा मोकळी पाहिजे, आन तसाबी त्या फुलांचा कचराच व्हतो. कचरा! माझ्या कानानं ऐकलं मी. आन मुहूर्त कवा धरला? शिमग्याच्या आदी. समदं गाव फडावर गेलेलं. इचारायला कोन हाय मागं? मी आन शेरडं.

मी त्यांच्या घरी गेले. ते पेपर वाचत व्हते. म्हनले, गयाबाई, देवी उघड्यावर बसलीय, तिला सावली नको का? मी म्हनले, सावली तोडून सावली करता व्हय भाऊसाहेब, ती बसलीय तिथं तिनं तिची सावली केलीच हाय की. ते हसले. म्हनले, तुझंबी नाव पाटीवर घालू, भंडाऱ्याला ये. जसं काय मी नावासाठी आलते! आन जुलेखाबू माझ्या मागं उभी व्हती, तर तिला म्हनले, मावशी, तुमी यात पडू नका, हा आमच्या देवाचा विषय हाय. ती बिचारी खाली मान घालून निघाली. गावातल्या समद्या बायांच्या हातात तिनं बांगड्या भरल्या, माझ्या लग्नाचा चुडाबी तिच्याच हातचा, आन तिनं पडू नये म्हनं. माझ्या डोक्यात गेलं ते, अजून उतरलं न्हाई.

मग सप्ता आला. काल्याचं कीर्तन सकाळचं असतं, बाहीरून बुवा आलते. बुवा मंदिराचं सांगाय लागले, दान करा, कळस उभा करा, आन म्हनले, अडानी मानूस झाडाझुडपात देव हुडकत बसतो, देवाला देवाचं घर लागतं. मी बागायतदारांच्या बायांच्यात बसले व्हते. मला ऱ्हावलं न्हाई, उठले आन म्हनले, बुवा, एकदा वढ्यावर येऊन बगा, आत्ताच चला, मी दावते, तिथं तुमी काईच बोलनार न्हाई. पर आवाज माझा फुटला, नीट निघालाच न्हाई. बाया फिदीफिदी हसल्या. बुवानं माईकवर म्हनलं, माउलीला पानी द्या कुनीतरी. आन टाळ वाजायला लागले. झालं. माझं बोलनं टाळात गेलं. मी काला न घेताच घरी आले आन चुलीपुढं बसून एकलीच भांडत राह्यले, भिंतीला सांगत राह्यले.

चार दिसांनी माझा खुबा लई धरला म्हनून जुलेखाबूच्या लेकासंगं शिरूरच्या दवाखान्यात गेलते. दुपारी आले तर वढ्याकडून इंजनाचा आवाज. काठी टाकून पळाले म्हना, जसं पळता येतं तसं. जेसीबी आनला व्हता. अर्दं बन आडवं झालेलं. फुलांसगट झाडं पडलेली, चाकाखाली फुलं चिरडून मातीत त्यांचा रंग उतरलेला, आन भोरड्या वर नुसत्या फिरत्यात, बसायला जागा सापडंना त्यांना. मी वरडले ते माझं मलाच ओळखू आलं न्हाई. डायवर गाडी बंद करून खाली उतरला, म्हनला, आजी, मला सांगितलं तसं करतोय. तेचा काय दोष.

राह्यलेल्या झाडांना मी माझी शेरडं बांदली. एका झाडाला एक. आन मदल्या झाडाला टेकून मी बसले. जुलेखाबूबी आली आन शेजारी बसली, म्हनली, कुनाला काय म्हनायचं ते म्हनू दे. भाऊसाहेब आले, कमिटीचे आले. एक जन दुसऱ्याला म्हनतो, उचल बे म्हातारीला, बगत काय उभा राह्यला. पर हात कोन लावंना. भाऊसाहेब म्हनले, समद्या गावाचा ठराव हाय, तू एकटी कोन आडवनारी?

समद्या गावाचा! मी म्हनले, गाव कुठंय? गाव फडात हाय. इचारा की गावाला. आन मी शीतलला फोन लावला. तिनं फडातूनच उचलला, मागं कोयत्यांचा आवाज येत व्हता. मी रडतरडत सांगितलं. ती म्हनली, आत्या, स्पिकर चालू करा. आन तिनं तिकडं हाक मारली, आगं या गं, आपल्या मावलायांचं बन तोडाय लागलेत. कोयते थांबलेले मला फोनमदी ऐकू आले ताई. आन मग एकेक बाई बोलाय लागली. मी अमक्याची सून, मला कुनी इचारलं न्हाई. मी तमक्याची बायकू, माझी मान्यता न्हाई. एक म्हनली, आमी ऊस तोडावा आन तुमी आमचा देव तोडावा व्हय? एक म्हनली, भाऊसाहेब, मत मागायला कोपीवर गाडी घिऊन येता की, तव्हा आमी गावचे असतो, मंग मंदिराला कावून न्हाई? समद्या एकदम बोलाय लागल्या, आन भाऊसाहेब त्या फोनकडं असे बगत व्हते जसं काय त्यातून बाया बाहीर येत्यात.

काम थांबलं. मन वळलं म्हनून न्हाई बरं का, मतं दिसली म्हनून. पाडव्याला समदे माघारी आले, बैठक झाली, लई आदळआपट झाली. शेवटी तोडलेल्या जागंवर वट्टा बांदला आन पत्रे ठोकले, आन राह्यलेल्या अर्द्या बनाला हात लावायचा न्हाई असं ठरलं. मावलाया उघड्यावरच राह्यल्या. लोक म्हनत्यात, गयाबाई, जिंकलीस. काय जिंकले? अर्दं बन आडवं झालं ते कोन उभं करनार? बुडख्यांना पालवी फुटलीय, पळस लई चिवट, पर फुलं यायला किती सालं लागतील ते मला दिसनार न्हाई. आन पत्र्याखाली आता भोंगा लावलाय, तेच्यापुढं माशीची गुनगुन ऐकू येत न्हाई.

आन एक सांगते, ह्यावर्सी मी अंकुशसंगं भांडले. म्हनले, शीतलनं ते बन वाचवलं, तिच्या तोंडानं वाचलं, आन तिनं ते फुललेलं एकदाबी बगितलं न्हाई. तिला एक साल घरी ठिव. तो म्हनला, आई, जोडीबिगर कोयता कोन घेईल, खायचं काय? तेचंबी खरं हाय. दसऱ्याला ती ट्रकात बसली. परवा फोन आलता, म्हनती, आत्या, फुललं असंल न्हाई का, फोटू पाठवा. जुलेखाबूच्या लेकानं काढून पाठवला. तिनं बगितला आन म्हनली, छान हाय. तेवढंच. काय म्हननार ती? तेच्यात वास न्हाई, ऊन न्हाई, शेजारी कुनी बसल्यावानी वाटत न्हाई.

देवावर माझा राग न्हाई ताई. तेनं कदी कुनाला जागा अडती म्हनलं न्हाई. तो दरसाल येतो, येळंवर येतो, आन बसून राहतो. राग मानसांवर हाय, आन तो मी मरूस्तवर सोडनार न्हाई. तुमी शिकलेल्या हाव, लिव्हताय तर हे नीट लिव्हा, की आमाला मंदिर नको, स्लॅब नको, माझ्या सुनंला एक फाल्गुन तिच्या गावात पाहिजे. बस. ताई, लेकीवानी म्हनते, सुखी ऱ्हा तू. च्या घे, आन ऊन चढायच्या आत वढ्याकडं जाऊन ये. वाट सरळ हाय.