धरलेला हात

…अन् वर मलाच सांगतो, "आजी, तुला न्हाई कळत, व्हिडिओ हाय म्हंजी खरंच असतंय!" आता बोला! माझा नातू शिवम, दहावीला हाय, मिशी फुटायची हाय अजून, पण जगाची खबर ह्याच्या खिशात! मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, यष्टीच्या पाट्या वाचत वाचत शिकले, तरी पाटी वाचून बी कंडक्टरला इचारतेच की, बाबा, मुखेडलाच जाती ना? ह्यानं इचारलं कुणाला? न्हाई. आलं की पुढं धाडलं!

व्हिडिओत काय, तर एका मुसलमान म्हाताऱ्यानं बाईचा हात धरलाय, दाबून राहिलाय, बाई "आई गं, मेले गं" वरडून राहिली, अन् शेवटी त्याच्याच पाया पडती! खाली लिव्हलंय, 'आयाबहिणींवर जुलूम! ह्यांच्याकडून काही घेऊ नका!' रक्त खवळलं म्हणे ह्याचं. अंगठ्यातलं! पुढं धाडलं!

अवो, तुम्हाला सांगते, ती बाई मी हाय! आमची नात पुनम, तिच्या लग्नातला चुडा तो! लाडलेसाब मणियार बांगड्या भरून राहिलाय. माझ्या गाठाळ हातात काचेची बांगडी काय फुंकर मारून जाती? अन् भरून झालं की मणियाराला नमस्कार करायचा, ही रीत हाय आमची. हा तेव्हा कुठं होता? मांडवातच, मोबाईलात मुंडकं घालून! कुणीतरी माझं तोंड कापलं, हात तेवढा ठेवला. अन् ज्या हातची भाकर खातो, तो हात ह्यानं वळखला न्हाई!

तिकडं बाजारात लाडलेसाबच्या दुकानापुढं कुत्रं फिरकंना. "भाभी," म्हणला, "अब्बापासून ह्याच गावच्या हातांवर पोट हाय. आता दुकान उठवतो." बांगड्या कागदात गुंडाळून राहिला बिचारा.

शिवमला कानाला धरून त्याच्या दुकानात नेलं. "कर चालू तुझं डबडं!" बसले, हात दिला, लई बोंबलले, पाया पडले, अन् तोंड दाखवून सांगितलं, बाबांनो, ह्या बांगड्या हायेत, जुलूम न्हाई! शिवमनं मान खाली घालून पुढं धाडलं. लाडलेसाब म्हणला, "भाभी, अजून एक बाजार बघतो."

अन् आज सकाळी मुरुडहून धाकट्या बहिणीचा फोन. रडून राहिली! "आक्का, बघितलंस का गं? त्या म्हाताऱ्यानं अजून एक बाई धरली!"

परत तोंड कापलं की माझं!

"अगं, ती मीच हाय! पहिली बी मीच!"

"तुला दोनदा धरलं?… थांब, सगळ्यांला कळवते!"

ठेवला फोन तिनं. आता उचलत बी न्हाई!