बुरुजावरची पहिली

(गडाच्या पायथ्याचं घर. दिवस कलतोय. उमाजी पाहुण्यांना गड दाखवून नुकताच परतलाय.)

फुला : मी बुरुजामागंच हुबी होते. सगळं ऐकलं.

उमाजी : तू गडावर आलतीस? कितींदा सांगितलं, दुसरेपणाच्या बाईनं तिथं चढू नये.

फुला : सांगितलंत की. किल्लेदारानं दुसरी बायको आणली, पहिलीनं बुरुजावरनं उडी टाकली, तवापास्नं ती दुसरीला सोडत न्हाई. लगीन झाल्यापास्नं हेच ऐकतेय. आज बेळगावच्या पाहुण्यांमागनं गेले. कुणी धरलं न्हाई मला.

उमाजी : असली परीक्षा बघू नये.

फुला : आमच्या माहेरी, अणशीतबी ही गोष्ट सांगत्यात. माझा बा म्हणायचा, त्या बाईला तोंडच न्हाई, नुसता पदर दिसतोय. तुमी पाहुण्यांना काय सांगितलंत? हनुवटीवर तीळ हाय, केसांत सुरंगीचा गजरा हाय, चालताना डावा पाय जरा वढती.

उमाजी : पाहुण्यांना आवडतंय तसं.

फुला : तुमच्या भणीनं मला हळदीच्या दिशीच सांगितलेलं, तुमची पहिली, तारा, डावा पाय वढायची म्हून.

(उमाजी खांद्यावरचा पंचा खुंटीला अडकवतो.)

फुला : जिती सवत असती तर भांडले असते. गेलेलीशी कसं भांडू? घरात तिचा फोटो न्हाई, तुमी कधी नाव काढत न्हाई. मला वाटलं, इसरलात. तर तुमी तिला वर न्हेऊन ठेवलीया, आन मलाच तिथं बंदी.

उमाजी : ती तापानं गेली, फुला. जोयड्याच्या दवाखान्याच्या वाटंवर, जीपमधी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

फुला : ठावं हाय मला.

उमाजी : आता तिचा चेहरा आठवाया गेलो तर येत न्हाई. भात कापताना न्हाई, देवळात न्हाई. वर गोष्ट सांगाया लागलो की तेवढ्यापुरता येतोय. तुला वर न्यायला भ्यालो, ते भुतामुळं न्हवं. तुझ्याम्होरं सांगायला जमलं नसतं.

फुला : त्या पाहुण्यांतली एक बाई डोळं पुसत व्हती. परकी बाई. तिनं ऐकलं, आन मी मागं भिताडाला टेकून चोरावानी.

उमाजी : उद्यापास्नं तुझ्या बासारखीच सांगतो. तोंड नसलेली.

फुला : नगा. मग ती जाईल कुठं?

उमाजी : मग करू काय मी?

फुला : हितं बसा. आधी मला सांगा. ती हसायची कशी, रांधायची काय, तुमास्नी हाक कशी मारायची.

उमाजी : तुला राग येईल.

फुला : येईल की. तरीबी सांगा.