रावसाहेबांना हार

—नाही नाही, बसा काका, मंडळाच्या गणपतीत पाहिलंय मी तुम्हाला. आत माझ्या बायकोचं भाषण चाललंय, राधिकाचं. पहिल्या रांगेत बस, म्हणाली होती, अगदी बजावून. बसलो. आणि आलो उठून! का म्हणजे? पडद्यावर रावसाहेब आले आणि ही अशी काही हसली—इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्याकडे बघून नाही हो कधी हसली तशी!

कोण रावसाहेब? शंभर वर्षांपूर्वी इथे सिंगापुरात फोटो स्टुडिओ होता त्यांचा. फोटो हीसुद्धा कलाच, म्हणून जन्मभर लोकांशी भांडले, आणि नव्या चित्रकारांची ती वाकडीतिकडी चित्रं—कुणी दारात उभं करत नव्हतं—ती आपल्या स्टुडिओत लावली. मोठा माणूस, मान्य! राधिकाचा अभ्यासच त्यांच्यावर, तेही मान्य! पण रोज? मी रॅफल्स प्लेसहून बँकेत डोकं पिकवून घेऊन येतो आणि जेवताना काय, तर रावसाहेबांनी सावली कशी पकडली! मेलेल्या माणसावर काय जळायचं, म्हणाल. जळतो! चांगला जळतो!

घरी हॉलमध्ये हा एवढा फोटो लावलाय त्यांचा. मध्ये आई आली पुण्याहून. तिला वाटलं, सुनेच्या माहेरचं कुणी वडीलधारं गेलंय—विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही. गंध लावलं, उदबत्ती लावली, वर मलाच म्हणते, 'एवढे थोर गृहस्थ आणि फोटोला साधा हार नाही?' राधिका हसून हसून लोळली, म्हणाली, राहू दे, आईंना काही सांगू नकोस. तेव्हापासून दर शुक्रवारी लिटिल इंडियातून त्यांच्यासाठी मोगऱ्याचा हार कोण आणतं? मी! आणतो हो आनंदाने. हार घातला की माणूस मेलाय असं वाटतं तरी!

परवा विचारलं तिला—चेष्टेत हं—मी गेलो तर माझा लावशील का असा? तर म्हणते, 'तुझा एकट्याचा धड फोटो आहे कुठे?' नाहीच! सेंटोसा म्हणा, बाली म्हणा, नवा डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून सगळ्या फोटोंत ती, काढणारा मी. उजेड बघून काढतो हो मीही. कुठून छान दिसते, मला माहीत आहे. पण तिने एकही कधी दोनदा पाहिला नाही.

टाळ्या! संपलं वाटतं. आली, आली—काका, मी काही बोललो नाही तुमच्याशी, काय?

राधिका! अगं, काय सुंदर बोललीस! खुर्ची? रिकामी कुठली, मागे उभा होतो मी. हो, शेवटपर्यंत. शेवटचा फोटो? पाहिला की! रावसाहेबांचं काय सांगावं, सावली अशी पकडलीय की—

काय?

मी काढलेला?