मोटारी नसलेला रस्ता

नल्लकुंट्याला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

“इटलीत जाऊन सायकल? नक्को म्हटलं ना, रोशनी.”

“आई, डोंगरातले जुने रूळ काढून तिथं फक्त सायकलींचा रस्ता केलाय. एकही मोटार नसते.”

“तुझा दादाही कडेकडेनंच चालवायचा. अफझलगंजला लॉरीनं नेलंच ना त्याला?”

“त्या रस्त्यावर लॉरीला बंदी आहे.”

“बंदी काय, इथंपण आहे.”

“तिथं पाळतात, आई.”

“आणि चढावर दम लागला तर?”

“उतरून ढकलेन.”

“हौ. तो कधी उतरायचा नाही.”

कंपाउंडरनं दुसरंच नाव पुकारलं.

“विमानात सायकल नेऊ देतात का गं?”

“तिथं भाड्यानं मिळते.”

“भाड्याची नक्को. दादाची ने. दर रविवारी हवा भरून ठेवते मी.”