हलका होत गेलेला दादा

सिद्धीचा विषय निघालाच आहे, तर माझ्या थोरल्या भावाचं ऐका. वर्षभरापूर्वी दादानं अन्न सोडलं आणि तो नुसत्या दुधावर राहू लागला. गावात बोलबाला झाला, की दादाला लघिमा प्राप्त झाली. म्हणजे योग्याचं शरीर कापसासारखं हलकं होतं, ती सिद्धी. खात्रीसाठी दर एकादशीला लोक त्याला हळदीची पोती तोलायच्या काट्यावर बसवायचे. आकडा मीच मोठ्यानं वाचायचो. आकडा मागच्यापेक्षा कमी आला की जयजयकार व्हायचा.

गेल्या एकादशीला दादा चाळीस किलो भरला.

"महाराज आता उडायचेच राहिले!" सरपंच ओरडले. नारळ फुटले.

दादाला खाली उतरवताना मी त्याच्या कानात म्हणालो, "दादा, हिंगोलीला दवाखान्यात चल. गाडी आणलीय."

"न्हाई रे."

"काहून? काय होऊन राहिलं तुला?"

"भूक लागून राहिली."

"मग खा की! आत्ता भाकर आणतो."

पाया पडायला उभ्या असलेल्या रांगेकडं दादानं पाहिलं.

"एवढी माणसं मला देव म्हणून राहिली. आता यांच्यासमोर घास कसा घेऊ, सांग."